गावभागातले जुने घर : भिंतींचे काम चोख, हवेचे अपुरे

सांगलीच्या गावभागात जुने घर विकत घेऊन ते राहण्याजोगे करण्याचे काम आम्ही शहरातील एका लहान ठेकेदाराकडे सोपवले होते. त्याचे नाव येथे देत नाही. मात्र अशी घरे घेणाऱ्यांना त्याच्या कामातील काय वाखाणावे आणि काय आधीच खडसावून विचारावे, हे कळले तर उपयोग होईल.

खरेदीपूर्वीची पाहणी हा ठेकेदार वेगळे शुल्क घेऊन करतो आणि ते शुल्क वसूल होते. त्याच्याकडील वयस्क गवंड्याने थापीच्या दांड्याने प्रत्येक भिंत जमिनीपासून वरपर्यंत ठोकत नेली. छातीच्या उंचीपर्यंत गिलावा भद्द वाजत होता, त्यावर टणक. त्याच पट्ट्यात तैलरंगाला फुगे आले होते. त्यांपैकी एक नखाने फोडताच आतून पांढरी भुकटी घरंगळली. हा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा या घराच्या जोत्यावरून पाणी आत आले होते, आणि पूर ओसरल्यावर आधीच्या मालकांनी ओल झाकण्यासाठी सिमेंटचा गिलावा व तैलरंग चढवला होता. दगड-मातीच्या भिंतीतले पाणी बाहेर पडायला वाट शोधते. पृष्ठभाग असा बंद केला की ते आणखी वर चढते आणि जेथे सुकते तेथे क्षार सोडून गिलावा उकलते. तुळयांची भिंतीत गाडलेली टोकेही गवंड्याने टोच्याने तपासली, आणि परसाकडील एका टोकाला वाळवी निघाली. घराच्या किमतीची बोलणी त्यानंतर बरीच सोपी झाली.

कागदपत्रांत हा ठेकेदार लक्ष घालत नाही, आणि त्याने घालूही नये. मालमत्ता पत्रकावरील सर्व वारसांची नावे, जुना भाडेकरू आणि मालकीच्या जुन्या नोंदी तपासणारा शोध अहवाल हे वकिलाचे काम. सांगलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती पूररेषेची : निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर यांपैकी कोणत्या पट्ट्यात येते, यावर पुढे वाढीव बांधकामाची परवानगी मिळणार की नाही हे अवलंबून असते.

भिंतींच्या कामाबद्दल तक्रारीला जागाच नाही. ‘‘सिमिट काढून टाका आणि उन्हाळाभर भिंती उघड्याच ऱ्हाऊ द्या सायेब, रंगाचं मागनं बघू,’’ असे गवंडी म्हणाला आणि ठेकेदारानेही बिलाची घाई न करता ते मानले. सांगलीचा एप्रिल-मे महिन्यांतला कोरडा उकाडा प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडला. सुकलेल्या भिंतींवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा केला (पाण्याने धुतला असता तर तो विरघळून परत भिंतीतच मुरला असता), मग भिजवून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा दोन थरांत केला आणि तो भेगाळू नये म्हणून ओलसर ठेवला. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कठीण होतो, त्यामुळे या कामाला वेळ लागतो आणि मजुरीही अधिक पडते. पण वर चुन्याचीच सफेदी दिल्याने ओल अडत नाही.

हवा खेळती ठेवण्याच्या बाबतीत मात्र याच माणसांनी निराशा केली. जुन्या घरात माजघराच्या वरच्या अंगाला झरोके होते आणि तापलेली हवा त्यांतून आपोआप निघून जाई. धूळ येते आणि कबुतरे घुसतात, म्हणून कामगारांनी ते न विचारता विटांनी बुजवले, आणि त्याऐवजी स्वयंपाकघरात व न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा एकेक पंखा बसवून दिला. स्वयंपाकघरात किती दमट हवा तयार होते याचा अंदाज फार थोड्यांना असतो : १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधला गॅस जळताना सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते, आणि त्यात भाताची व डाळीची वाफ धरलेली नाही. ही वाफ थंड भिंतीवर बसते आणि कपाटामागे बुरशी धरते.

पंखा असूनही ही वाफ का जाईना, हे एका उदबत्तीने दाखवले. दार-खिडक्या बंद ठेवून पंखा चालू केला, तेव्हा उदबत्तीचा धूर ओट्यावरच घोटाळत राहिला. दार दोन बोटे किलकिले करताच तो तिरपा होऊन थेट पंख्याकडे ओढला गेला. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा बाहेर टाकणार तरी काय? नव्या सागवानी दाराखाली फट राहू नये म्हणून सुताराने उंबऱ्याला पट्टी मारली होती. ती काढायला लावली आणि परसाच्या बाजूला जमिनीलगत जाळी बसवून घेतली. न्हाणीघराच्या पंख्याची तऱ्हा याहून वाईट होती. त्याची नळी छपराबाहेर न नेता माळ्यावरच सोडली होती, म्हणजे अंघोळीची सगळी वाफ कौलांखालच्या वाशांना मिळत होती. नळी बाहेर काढून तोंडाशी झडप बसवण्याचे पैसे ठेकेदाराने वेगळे लावले, आणि हे आम्हांला अजिबात पटलेले नाही. माजघराचे दोन झरोके तारेची जाळी लावून पुन्हा उघडले. ते मात्र त्याने विनाशुल्क केले.

जुलैत बाहेरचीच हवा दमट असते, त्यामुळे त्या दिवसांत खिडक्या सताड उघडल्या तरी भिंती सुकत नाहीत. तेव्हा वाफ जेथे होते तेथूनच बाहेर काढणे भाग पडते, आणि नेमके येथेच हे काम कमी पडले होते. दुरुस्तीनंतर झालेल्या पावसाळ्यात भिंतींवर नवा लोणा दिसला नाही, आणि कपाटामागची बुरशी जाळी बसवल्यावर थांबली.

ओल आणि चुन्याच्या कामासाठी हा ठेकेदार पुन्हा बोलवावा असाच आहे. मात्र कोणताही झरोका विचारल्याशिवाय बुजवायचा नाही, प्रत्येक पंख्याची नळी घराबाहेर निघाली पाहिजे आणि प्रत्येक बंद खोलीत हवा आत येण्याची जागा नकाशावर दाखवली पाहिजे, या तीन अटी अंदाजपत्रकातच लिहून घ्याव्यात आणि शेवटचा हप्ता त्यांची खातरजमा झाल्यावरच द्यावा.