सेकंडहँड ७०-२०० एफ/२.८ : काच पास, ऑटोफोकस तपासून घ्या

कॅननची ईएफ ७०-२०० एमएम एफ/२.८ एल आयएस २ यूएसएम २०१० साली आली. १४९० ग्रॅम वजन, १९ गटांत २३ काचा, त्यांत एक फ्लोराइटची आणि पाच यूडी (रंगांची कड कमी करणाऱ्या खास काचेच्या). २०१८ साली तिसरी आवृत्ती निघाली, पण काचांची रचना तीच राहिली, बदललं ते कोटिंग. लग्नाची कामं करणारे मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, गेले की पहिली विकायला निघते ती हीच लेन्स, आणि पुण्यात लग्नाचे फोटोग्राफर काही कमी नाहीत. काचेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एफ/२.८ ला बिनधास्त वापरावी, पार ४ ला आणून बसायची गरज नाही. लिहायचं आहे ते ऑटोफोकसबद्दल, कारण या वयाच्या लेन्समध्ये पैसे बुडतात ते तिथे.

विकणारा 'एएफ (ऑटोफोकस) जरा बघावा लागेल' म्हणतो, तेव्हा त्या वाक्याखाली तीन वेगळी दुखणी असू शकतात. बॉडी (कॅमेरा) आणि लेन्सची जुळणी हललेली असते, आतला विजेचा संपर्क कुठेतरी तुटत असतो, किंवा मोटर दमलेली असते. पहिलं फुकटात सुटतं. दुसऱ्याला दुरुस्तीचा खर्च आहे, पण तो पेलतो. तिसरं असेल तर व्यवहार सोडून दिलेला बरा.

आधी एक हिशोब. फुल फ्रेमवर २०० एमएम, एफ/२.८ आणि समोरची व्यक्ती ३ मीटरवर असेल तर सगळं मिळून जेमतेम ४ सेंटीमीटर खोली शार्प येते. ५ मीटरवर सुमारे १० सेंटीमीटर. नवरीने मान थोडी वळवली की नथ फोकसमध्ये आणि पापण्या बाहेर, हे लेन्स ठणठणीत असतानाही होतं. तेव्हा हातात धरून काढलेल्या चार फोटोंवरून निकाल देऊ नका.

चाचणी दिवसाउजेडी घ्या. सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत चालेल, त्यावर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा आणि शेजारी एक स्टीलची पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा. अंतराचा ठोकताळा फोकल लेंग्थच्या ५० पट, म्हणजे २०० ला १० मीटर आणि ७० ला साडेतीन मीटर. ट्रायपॉड, आयएस (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) बंद, एफ/२.८, फक्त मधला पॉइंट, वन शॉट. आता फोकसची रिंग हाताने अनंताकडे फिरवून पाच फोटो काढा, प्रत्येक वेळी पुन्हा बिघडवून. मग जवळच्या टोकाकडून तसेच पाच. शेवटी लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून हाताने नेमका फोकस लावून एक फोटो, तुलनेसाठी. हे सगळं ७० ला पुन्हा करायचं. कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो, पण लेन्सचं दुखणं कोणतं ते इथेच कळतं.

दहाही फोटोंत फोकस सारखाच पुढे किंवा सारखाच मागे पडत असेल तर लेन्स बिघडलेली नाही, जुळणी हललेली आहे. ५डी मार्क ३ किंवा ६डी सारख्या आरशाच्या (डीएसएलआर) बॉडीत जुळणी सुधारण्याची सोय, म्हणजे एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट −२० ते +२० मिळते आणि झूमसाठी वाइड व टेली अशी दोन वेगळी मूल्यं देता येतात. ५डी मार्क २ मध्ये एकच मूल्य, तिथे काम जास्त असेल त्या टोकाला साधा. फोकस पुढे पडत असेल तर आकडा अधिककडे न्यायचा. फोटो विखुरलेले आले, दोन पुढे, तीन मागे, एक बरोबर, तर मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटचा काही उपयोग नाही. आणि अनंताकडून आलेले पाच बरोबर पण जवळून आलेले पाच चुकलेले असतील, तर आत कुठेतरी ढिलेपणा आहे असं समजा.

इथे एक मेख आहे. कॅननच्या आर मालिकेच्या मिररलेस बॉडीवर अडॅप्टर लावून हीच चाचणी घेतली तर पुढे-मागे पडण्याचा दोष दिसतच नाही, कारण तिथे फोकस थेट मुख्य सेन्सरवर मोजला जातो. त्या बॉडींमध्ये मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटच नाही, गरजच नाही. म्हणजे ५डीवर 'खराब' ठरलेली लेन्स आर६ वर सरळ वागू शकते. तुमच्याकडे मिररलेस असेल तर अशी लेन्स स्वस्तात मिळण्याची ही संधी आहे. उलट तुम्ही डीएसएलआरवालेच असाल आणि विकणारा फक्त मिररलेसवर दाखवत असेल, तर स्वतःची बॉडी घेऊनच जा. मोटर आणि संपर्काचे दोष मात्र दोन्हीकडे सारखेच दिसतात.

मंगल कार्यालयात स्टेजवर जांभळा एलईडी मारलेला असेल तर तिथल्या फोटोंवरून लेन्सला नावं ठेवू नयेत. डीएसएलआरचा फोकस मोजणारा वेगळा (फेज डिटेक्शन) सेन्सर प्रकाशाच्या रंगाने फसतो. दोष लेन्सचा नाही, डेकोरेशनवाल्याचा.

आता संपर्क. 'एरर ०१' आली की बॉडी सांगते, लेन्सशी बोलणं होत नाही, कॉन्टॅक्ट पुसा. तर आधी पुसाच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड, लेन्सचे आणि बॉडीचे दोन्ही. तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बाटली मिळते. खोडरबराने घासू नका, सोन्याचा मुलामा उडतो आणि रबराचा भुगा आत जातो. पुसूनही एरर येत असेल तर ती कधी येते ते बघा. एफ/२.८ ला येत नाही पण एफ/८ ला येते, म्हणजे डायफ्राम (प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणारी पाती) किंवा त्याची फ्लेक्स केबल (वाकणारी पातळ पट्टी). एफ/१६ लावून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबा आणि समोरून आत बघा, पाती हलताना दिसायला हवीत. एखाद्या ठरावीक झूमवरच, समजा १३५ च्या आसपास, एरर येत असेल तर केबलला त्या वळणावर चीर गेलेली असण्याची शक्यता मोठी. बाहेरून या लेन्सची लांबी बदलत नाही म्हणून आत काही हलत नाही असं वाटतं, पण काचांचे गट आत पुढेमागे होतात आणि त्यांच्याबरोबर केबलही हजारो वेळा वाकते.

साधी गोष्ट विसरली जाते ती एएफ/एमएफचा (ऑटो की हाताने फोकस) स्विच. एएफ मधूनच येतो, मधूनच जातो, अशी तक्रार असेल तर तो स्विच वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे करा. फरक पडला तर दोष स्विचच्या कळकलेल्या संपर्कात आहे आणि तो बदलणं हे मोटरच्या मानाने किरकोळ काम.

मोटर रिंग यूएसएम आहे. धातूच्या कड्याला पिझो सिरॅमिक चिकटवलेलं असतं, त्याला वीज दिली की कड्यावर कानाला न ऐकू येणाऱ्या वेगाने लहर धावते, आणि त्यावर स्प्रिंगने दाबून बसवलेलं दुसरं कडं घर्षणाने फिरतं. सगळा खेळ घर्षणाचा असल्याने बिघाडही तिथलेच. पृष्ठभागावर तेलाचा अंश किंवा धूळ गेली की कडं घसरतं. लेन्स पडली असेल तर सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. निरोगी मोटर जवळजवळ गप्प असते. चिरका, किंचाळल्यासारखा आवाज आला की परत ठेवून द्या.

तपासायला या लेन्सवरची अंतराची खिडकी फार उपयोगाची. लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारा स्विच) १.२ मीटर ते अनंत वर ठेवा, दीड मीटरवरची वस्तू आणि समोरची इमारत यांवर आळीपाळीने अर्धं बटण दाबा, ७०, १३५ आणि २०० ला प्रत्येकी दहा वेळा. नजर खिडकीतल्या आकड्यांवर. आवाज येतो पण आकडे हलत नाहीत, तर मोटर घसरते आहे. आकडे झरझर फिरतात पण टोकाला जाऊन परत येतात आणि फोकस लागतच नाही, तर मोटर चांगली, मोजणारा भाग किंवा बॉडी संशयित. नंतर तेच लेन्स आभाळाकडे करून आणि जमिनीकडे करून. अशक्त मोटर आडवी असताना चालते आणि उभ्याने काचांचं वजन उचलताना अडखळते.

भिगवणला रोहित पक्षी टिपणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: एक्स्टेंडर (फोकल लेंग्थ वाढवणारा जोड) लावला की एएफ मंदावतो. तो मंदावणारच. १.४ पट एक्स्टेंडरने वेग निम्मा होतो आणि २ पटने पाऊण वेग जातो, कॅननने अचूकतेसाठी मुद्दाम तसं ठेवलं आहे. दुरुस्तीला टाकू नका.

पुण्यातल्या लेन्सची एक खास तपासणी म्हणजे गुलाल. लक्ष्मी रोडची मिरवणूक केलेली पांढरी लेन्स बाहेरून पुसून चकचकीत करता येते, पण झूम रिंगच्या रबराची कड नखाने किंचित उचलून टॉर्च मारा. आणि स्विच-पॅनलच्या भोवतीची फट बघा. तिथे बारीक गुलाबी रेघ दिसली की रिंग फिरवताना कान द्या, कचकच ऐकू येते का. रबराच्या सीलमुळे गुलाल सहसा बाहेरच अडतो, पण अडलेला गुलाल पावसात भिजला की त्याचा लगदा होतो आणि रिंग जड होते. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायला जाऊ नका, बाहेरचा आत जाईल. हातातला ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरे.

बुरशीबद्दल थोडक्यात: ती मोटर बिघडवत नाही, पण मागच्या काचांवर धूसरपणा आला की कॉन्ट्रास्ट घटतो आणि एएफ चाचपडत राहतो. जून ते सप्टेंबर लेन्स ४०-५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये. तांदळाच्या डब्यात नाही.

त्यापेक्षा मिररलेससाठीची नवीन आरएफ ७०-२०० एफ/२.८ घ्यावी का, हा प्रश्न येतोच. १०७० ग्रॅम, दोन नॅनो यूएसएम मोटर, वेग उत्तम. तीही दोषाशिवाय आली नव्हती, सुरुवातीला २०० ला अगदी जवळच्या अंतरावर फोकस पुढे पडत होता, तो फर्मवेअरने दुरुस्त झाला. तिची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, बॉडी बंद असली की रिंग फिरवून काही होत नाही. जुन्या ईएफमध्ये एएफ मेला तरी हाताने फोकस लावून सप्तपदी उरकता येते, फक्त कडं अडकलेलं नसावं. वजन सोसत असेल आणि बजेट आखडतं असेल तर निरोगी ईएफ अजूनही चोख सौदा आहे.

उघडलेली लेन्स ओळखायची तर माऊंटचे स्क्रू बघा. ते जपानी मापाचे असतात, साध्या फिलिप्स पेचकसाने काढले की डोकी चिरडतात. डोकी चिरडलेली असतील तर कुणी, कशासाठी उघडली हे विचारा आणि बिल मागा. दुरुस्ती करणाऱ्यालाही दोनच प्रश्न: भाग नवा की दुसऱ्या लेन्समधून काढलेला, आणि माऊंटखालच्या पातळ चकत्या जशा निघाल्या तशाच, त्याच जागी बसवणार का. चकती इकडची तिकडे झाली की एका बाजूचा कोपरा मऊ पडतो, आणि मग तो दोष पुन्हा ऑटोफोकसच्याच नावावर लागतो. २०१०-११ च्या लेन्सवर मागच्या बाजूला कोड असतो. 'यूवाय०३' ने सुरू होत असेल तर उत्सुनोमिया, २०१०, मार्च. 'यूझेड' म्हणजे २०११. विकणारा 'चार वर्षंच वापरली' म्हणत असेल, तर तो कोड त्याच्यासमोरच वाचा.