शब्बाथचा मेखाम: अकरा महिने वापरून झाल्यावर

इस्रायलमधल्या दिमोनात राहायला येऊन मला तीस वर्षं होतील, पण शनिवारी सकाळचा चहा अजून ठाण्यासारखा होत नाही. दूध-साखर-आलं घालून खळखळ उकळवलेला चहा शब्बाथला, म्हणजे आम्हा ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विसरायचा. पेटवणं, विझवणं, शिजवणं, सगळं बंद. मग गरम पाणी आणायचं कुठून? शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शब्बाथ सुरू, त्याआधी उकळून ठेवलेलं पाणी शनिवारी तारे दिसेपर्यंत, म्हणजे पंचवीसेक तास गरम राहिलं पाहिजे, आणि मधे कोणी बोटही लावायचं नाही. त्यासाठी इथे घरोघरी मेखाम असतो: नळ असलेलं विजेचं पातेलं म्हणा. मागच्या हिवाळ्यात मी नवा घेतला. ६ लिटर, ८०० वॅट, किंमत २३० शेकेल. कंपनीचं नाव देत नाही, कारण यातल्या अर्ध्या चुका माझ्याच आहेत.

आधीचा होता तो बटण दाबल्यावर मोटरने पाणी सोडणारा. दिसायला देखणा, पण शब्बाथला कुचकामी. बटण दाबलं की वीज जोडली जाते, विषय संपला. दुकानात विकणारा मुलगा "हाच जास्त खपतो" म्हणत होता. खपत असेल, रविवार ते गुरुवार! तेव्हा पहिली गोष्ट बघायची ती ही, की पाणी साध्या नळाने येतं की हाताने दाबायच्या पंपाने, की मोटरने. माझ्या नव्याला खाली साधा काळा नळ आहे. खटका खाली ओढला की पाणी. छान.

दुसरी गोष्ट 'शब्बाथ' खटका. साध्या मेखामात थर्मोस्टॅट असतो. पाणी जरा निवलं की आतली कॉइल आपणहून चालू होते. शब्बाथच्या खटक्यावर तो प्रकार नाही, एक छोटी कॉइल मंद आचेवर सतत चालू राहते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मी एकदा मुद्दाम लावून बघितला, अर्थात मंगळवारी, खटका शब्बाथवर ठेवून. रात्री ९३ अंश, दुसऱ्या दिवशी सकाळी ८७. हाताला चटका बसतो ती हद्द बहुतेक रब्बी (आमचे धर्मगुरू) ४५ अंशांच्या आसपास धरतात, त्यामुळे हे पाणी शिजवायला पुरेसं गरम आहे आणि नियम सगळे लागू.

आता माझा पराक्रम. हिवाळ्यात इथे सव्वाचार-साडेचारलाच दिवे लावावे लागतात. ६ लिटर पाणी उकळायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, हे मी पहिल्याच शुक्रवारी लक्षात घेतलं नाही. पाणी उकळलं तेव्हा हातात काडी होती. घाईत दिवे लावले, बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हटली, डोळ्यांवरचे हात काढले तर समोर खटका 'उकळणे'वरच! त्या शुक्रवारी मी दोन्ही अर्थांनी दिवे लावले. आता हात लावायची सोय नाही. रात्रभर खदखद चालू, खिडकीच्या काचांवर घाम. मध्यरात्रीच्या सुमारास पाणी तळाला गेलं आणि आतल्या सुरक्षा खटक्याने स्वतःच वीज तोडली. शनिवारी सकाळी सगळ्यांनी थंड दूध घेतलं. खटक्यावरची दोन्ही हिब्रू अक्षरं एकाच करड्या रंगात आहेत. यासाठी मी कंपनीला एक तारा कमी देते. मी शब्बाथच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे.

जावई अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंपैकी, पोलंडकडच्या घराण्यातला, आणि येशिवात (धर्मशाळेत, जिथे धर्मग्रंथ शिकवतात) शिकलेला. त्याने मेखाम पाहिल्याबरोबर पुढची काचेची नळी दाखवली. पाणी किती उरलं ते कळावं म्हणून ती असते. पण आतलं पाणी उकळतं तेव्हा नळीतलं उकळत नाही. शब्बाथला नळ उघडला की ते कच्चं पाणी आत जातं आणि शिजतं. मला हे आधी फार ताणलेलं वाटलं. उपाय मात्र सोपा निघाला: पाणी उकळल्यावर दिवे लावण्याआधी तीन-चार कप काढायचे आणि झाकण उघडून परत आत ओतायचे, म्हणजे नळीत उकळलेलं पाणी भरतं. नळीच नसलेला मेखाम मिळाला तर तोच घ्या, हे बरं.

बाहेरची भिंत मात्र एकपदरी आहे, चटका बसतो. नात तीन वर्षांची. मी म्हटलं, जाड टॉवेल गुंडाळते. जावई म्हणाला, "आई, चारी बाजूंनी गुंडाळलं तर ती हतमाना झाली, चालत नाही." उष्णता देणाऱ्या वस्तूभोवती पांघरूण लपेटू नये असा तो नियम. तेव्हा मेखाम आता फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात, उंचावर. (त्या फ्रिजचा दिवाही शुक्रवारी स्क्रू फिरवून सैल करावा लागतो, ते वेगळंच.) घरात लहान मूल असेल तर पन्नास शेकेल जास्त गेले तरी दुपदरीच घ्या.

चहा असा करते. शुक्रवारी दुपारी आलं-वेलची घालून चहाचा घट्ट काढा उकळून, गाळून बाटलीत. शनिवारी कप कोरडा पुसून घ्यायचा, कारण तळाला राहिलेला पाण्याचा थेंबही मेखामच्या धारेने शिजतो. त्यात पाणी घ्यायचं, मग पाण्याने काही शिजू नये म्हणून दुसऱ्या कपात ओतायचं आणि त्यात काढा, साखर, दूध. जावयासाठी तिसऱ्या कपात. तीन कप फिरेस्तोवर चहा कोमटच होतो, पण तो तक्रार करत नाही. मीही नाही.

माझी आजी अलिबागजवळची, शनवार तेल्यांच्या घरातली. घाणा शनिवारी बंद म्हणून ते नाव पडलं. तिच्याकडे शनिवारी चूल पेटतच नसे, शुक्रवारचं शिळं खायचं. शेजारची काकू कधी स्वतःच्या चुलीवरचा चहा आणून द्यायची, आणि आजी तो प्यायची. हलाखात (आमच्या धर्मनियमांत) ते बसतं का, हे विचारायला तिथे रब्बीच नव्हते.

छतावरच्या सूर्यबंबाचं पाणी मात्र आमच्या घरात अजून वादाचं आहे. इस्रायलमध्ये १९८० मध्ये नव्या घरांना तो कायद्यानेच सक्तीचा झाला. गरम नळ उघडला की टाकीत थंड पाणी शिरतं आणि तापतं. सेफारदींचे (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंचे) मोठे रब्बी ओवादिया योसेफ यांनी उन्हाने तापणाऱ्या बंबाला मोकळीक दिली, बंबातली वीज बंद असली तर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सेफारदी चालीचे, मी हात-तोंड त्या पाण्याने धुते. जावई नळ उघडत नाही. मिश्नातली (जुन्या ज्यू नियमग्रंथातली) तिबेरिया गावच्या लोकांची गोष्ट तो पुढे करतो: त्यांनी थंड पाण्याचा नळ गरम झऱ्याच्या पाटातून नेला होता, आणि ऋषींनी ते पाणी शब्बाथला तापवलेल्या पाण्यासारखंच ठरवलं. मी म्हणते झरा वेगळा, ऊन वेगळं. त्याला जेवायला वाढते आणि विषय थांबतो.

बाकी मेखाम चांगला आहे. तळाशी चार-पाच कप पाणी सोडावंच लागतं, कोरडा पडू देऊ नये. चौघांना पुरतो, सणाला पाहुणे आले की नाही पुरत, आणि शब्बाथला नवं पाणी घालता येत नाही. इथल्या पाण्यात क्षार फार, दोन महिन्यांत आतून पांढरा होतो. त्यावर इथे 'लिंबाचं मीठ' म्हणून मिळतं ते, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, दोन चमचे घालून गुरुवारी उकळते. शुक्रवारी ते करू नका. आंबट पाण्याचा चहा मी पाहुण्यांना पाजून बसले आहे.