नऊ आकड्यांचा परवाना आणि माझे २,५९,२०० रुपये

लिहावं की नाही, यात दोन महिने गेले. बायको म्हणाली, "गेले ते गेले, आता गावभर कशाला?" पण परवा ट्रान्सपोर्ट नगरात चहा पिताना एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "पोलंडला ड्रायव्हर घेतायत, अडीच लाखात काम होतं." चहा घशाखाली उतरेना. याच नोकरीच्या नावाखाली एका एजंटाने मलाही फसवलं, म्हणून लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

एजंट कसे गोड बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे, ते पुराण लावत नाही. आधी माझी बाजू ऐका, कारण "एवढा कसा रे बावळट?" हे मला सासऱ्यांपासून हवालदारापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. मी चौदा वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरला होतो. नट, बोल्ट, बेअरिंग मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. कारखाना बंद पडला तेव्हा वय ३९. त्या वयात कोण नोकरी देतो? हेवी लायसन काढलं, काही महिने एका उस्तादाच्या शेजारी बसलो, मग दहा चाकी हातात आली. लोड भरताना गोणी मोजायच्या, कारण एक कमी निघाली तर पगारातून कापतात. पगार १९,०००, खुराकी वेगळी, घरी महिन्यातून चार दिवस. अशा माणसाला कोणी "महिना १,७०,००० हातात, केबिनमध्ये एसी आणि झोपायला बिछाना" म्हटलं तर तो ऐकणारच. तुम्हीही ऐकलं असतं.

वर माझ्या एजंटाने सरकारचं नाव घेतलं. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, हे खरं आहे, पेपरात आलं होतं. त्याने ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून टेबलावर ठेवलं होतं. "जर्मनीला भाषा शिकावी लागते दादा, पोलंडला तीही नको." त्या कराराचा आणि या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. कात्रण कोणीही कापू शकतं.

हिशोब पैशापैशाचा सांगतो. नोंदणी १५,०००, रोख, पावती "नंतर". ट्रेड टेस्ट ७,५००. मेडिकल ६,२००. 'कोड ९५'चं ट्रेनिंग ४८,५००. वर्क परमिट १,२०,०००, दोन हप्त्यांत. व्हिसा फाइल ६२,०००. एकूण २,५९,२००. यातले ९०,००० बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून आणले, ६०,००० सासऱ्यांचे. पैसे फर्मच्या खात्यावर कधीच गेले नाहीत, दर वेळी कुठल्या तरी बाईच्या नावाचा यूपीआय. विचारलं तर म्हणाला, "अकाउंटंट मॅडम." परदेशी नोकरी लावणारा जो माणूस वैयक्तिक खात्यावर पैसे मागतो त्याच्या टेबलावरून उठा, चहा संपायची वाट बघू नका.

आता ट्रेड टेस्ट. हे आठवलं की अजून अंगाची लाही होते. फॉर्मवर लिहिलं होतं ट्रेलर, म्हणजे पुढे हॉर्स, ओढणारं इंजिन, आणि मागे जोडलेली लांब गाडी. शहराबाहेरच्या एका मोकळ्या प्लॉटवर गेलो तर तिथे उभी काय, चौदा फुटी आयशर, तीही रिकामी. मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी. परीक्षक म्हणून आलेला पोरगा गॉगल लावून मोबाइल आडवा धरून उभा. "रिव्हर्स घ्या, हसत घ्या." मी आरशात बघून दोन दगडांच्या मधे गाडी लावली. त्याने ना आरसा बघितला ना चाक, फक्त स्क्रीन बघत होता. जोडणी कशी करतात, ब्रेकचे पाइप कुठे लागतात, चकार शब्द विचारला नाही. ट्रेलरची परीक्षा आयशरवर! तिथेच किल्ली त्याच्या हातात देऊन घरी यायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "पास झालो ना?" तो म्हणाला, "काका, एकदम."

कोड ९५ म्हणजे युरोपात मालवाहू ट्रक चालवायला लागणारी व्यावसायिक पात्रता. ती खरी चीज आहे, म्हणूनच तिच्या नावावर फसवता येतं. पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा, जलद १४० तासांचा, आणि आपल्यासारख्या बाहेरच्याने तो करायचा तिकडेच, ज्या देशात कामाला लागतो तिथे. माझा झाला तीन संध्याकाळी, मोबाइलवर. शेवटी सोनेरी बॉर्डरचं प्रमाणपत्र. आणि क्लासमध्ये सांगितलं काय, तर रोज चौदा तास चालवलं की ओव्हरटाइम डबल. तिकडे दिवसाला नऊ तास, आठवड्यातून फक्त दोनदा दहा, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबायचंच, आणि टॅकोग्राफ, म्हणजे गाडीत बसवलेलं यंत्र, सगळं टिपून ठेवतो. हे मला नंतर कळलं. फुकटात, पंधरा मिनिटांत वाचून.

परमिटचा कागद आला तेव्हा मी तो देव्हाऱ्यात ठेवला. खरंच ठेवला. शिक्का, गरुड, माझं नाव अचूक. ६२,००० त्याच संध्याकाळी पाठवले. तीन आठवडे "स्लॉट मिळत नाहीये". मग बारावीतला भाचा सुट्टीला आला. कागद बघून त्याने त्यावरच्या पोलिश कंपनीचा कर नंबर पोलंडच्या सरकारी साइटवर टाकला. "मामा, हा नंबर घेतच नाही." परत टाकला. मग म्हणाला, "मामा, तिकडे दहा आकडी असतो. यात एक कमी आहे."

मी बोट ठेवून मोजले. नऊ.

चौदा वर्षं स्टोअर, तीन वर्षं गोणी. आयुष्यभर मोजत आलो आणि हे मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुलूप. बोर्डावरचा लायसन नंबर भाच्याने ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंद असलेल्या सरकारी साइटवर शोधला, तर तो परराज्यातल्या भलत्याच फर्मचा निघाला. हे पहिल्या दिवशी करा. आणि नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी. जो लाखात बोलतो तो आकड्यानेच पकडला जातो.

आणि मग खरा वनवास. गावच्या ठाण्यात म्हणाले, "ऑफिस शहरात, तिकडे जा." शहरात म्हणाले, "पैसे गावातून पाठवले, तिकडे जा." तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. "पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले ना? मग ही दिवाणी बाब, वकील गाठा." एक हवालदार हसत म्हणाला, "पोलंड नकाशात दाखवा बघू." मी दाखवलं. तरी लिहून घेतलं नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तिथल्या बाई नीट बोलल्या, पण पहिला हप्ता जाऊन चार महिने झालेले. त्या खात्यात ४१२ रुपये उरले होते. फोन पहिल्या तासात करायचा असतो, लाज ओसरल्यावर नाही. परदेशी नोकऱ्यांचा विषय बघणाऱ्या कार्यालयात अर्ज दिला, झेरॉक्स दिल्या, पुन्हा झेरॉक्स मागितल्या. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की प्रकरण पोलिसांशी संबंधित आहे. पोलिसांना ते पत्र दाखवलं तर म्हणाले, "मग त्यांनी आम्हाला का नाही कळवलं?" या चकरांत माझे अकरा खाडे. मालकाने अकरा दिवस कापले, तो हिशोब वरच्या रकमेत धरलेला नाही.

हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, गुन्हा कुठेही नोंदवता येतो, हे मला एका वकिलाच्या कारकुनाने सांगितलं, पोलिसांनी नाही. नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवायची आणि पोच जपून ठेवायची. मी पाठवली. मग नोंद झाली, पण २,४४,२०० रुपयांची. रोखीच्या १५,०००ची पावती नाही ना. "नंतर" देणार होता.

मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर नव्या नंबरवरून जाहिरात फिरत आली. देश बदललाय, आता क्रोएशिया. खाली व्हिडिओ, "आमचे निवडले गेलेले उमेदवार". मोकळा प्लॉट, चौदा फुटी आयशर, मागचं डावं टायर बसलेलं, दोन दगडांच्या मधे गाडी मागे घेणारा निळ्या शर्टातला माणूस, हसतोय. तुमच्याकडेही येईल. तो मी आहे, आणि मी अजून दहा चाकीवरच आहे.