टॉमकॅट की वाइल्डफ्लाय?
जावात लिहिलेली वेब ॲप्स चालवणारे हे दोन सर्व्हर. दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही वापरून झालेत. टॉमकॅट म्हणजे नुसता सर्व्हलेट कंटेनर (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा कोड चालवतो, बस), वॉर फाइल (ॲपचं पॅकेज) वेबॲप्स फोल्डरमधे टाकली की झालं काम, पण ट्रान्झॅक्शन नाहीतर मेसेजिंग लागलं की एकेक जार (लायब्ररीची फाइल) शोधून आणा आणि व्हर्जन जुळवत बसा. वाइल्डफ्लायमधे (आपला जुना जेबॉसच तो, आठव्या व्हर्जनपासून नाव बदललं) ईजेबी (बिझनेस लॉजिक, ट्रान्झॅक्शन), जेएमएस (मेसेजिंग), जेपीए (डेटाबेसचं काम) सगळं आधीच असतं, फक्त ती स्टँडअलोन एक्सएमएल (सर्व्हरची सेटिंग्जची फाइल) पहिल्यांदा उघडली तेव्हा मला घामच फुटला. जावाएक्सचं जकार्ता झालं (पॅकेजांच्या नावांची सुरुवातच बदलली), टॉमकॅट १० ला आणि वाइल्डफ्लाय २७ ला, तेव्हा मात्र इम्पोर्ट बदलत बसायची कटकट दोन्हीकडे सेमच. स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर टॉमकॅटच घ्या, स्प्रिंग बूटमधे तो डीफॉल्ट येतोच की.