रामबागेतले कर्नलसाहेबांचे रविवारचे वर्ग: फी वसूल, खुर्च्या सोडून

भाच्याची सीडीएसची (फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा) तयारी चालू आहे, म्हणून त्याचं नाव घालायला गेले आणि फी भरताना माझंही घातलं. रविवारी सकाळी दोन तास, अख्ख्या मालिकेचे बाराशे रुपये. शिकवणारे महूला स्थायिक झालेले निवृत्त कर्नल. बोलणं आपलं इंदुरी मराठी, रंगात आले की फौजी हिंदी. विषय एकच: दुसऱ्याच्या देशात गेलेली फौज परत कशी येते आणि मागे बंदोबस्त कोण बघतं.

मी शाळेत इतिहास शिकवते. आमच्याकडे १६ डिसेंबर १९७१ला, बांगलादेश युद्धात, पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली की धडा संपतो. साहेब तिथून सुरू करतात. त्या संध्याकाळी ढाक्यात आपले जवान मोजकेच, पाकिस्तानी कितीतरी जास्त, आणि रस्त्यावर सूड घ्यायला टपलेले लोक. म्हणून शरण आलेल्यांकडेच स्वतःच्या बचावासाठी काही दिवस हत्यारं राहू दिली! तरी दोन दिवसांत भर मैदानात, विदेशी छायाचित्रकारांसमोर, पकडलेल्या काही जणांना संगिनींनी भोसकलं गेलंच.

मग फळ्यावर खडूने ढाका काढलं आणि वरच्या कोपऱ्यात मीरपूरभोवती गोल केला. उर्दू बोलणाऱ्या, पाकिस्तानच्या बाजूच्या बिहारींची वस्ती, घराघरात लपवलेल्या बंदुका. जानेवारीअखेर आपला पहारा उठून बांगलादेशी सैनिक आत गेले आणि ३० जानेवारीला गोळीबार झाला. भावाला शोधायला गेलेले चित्रपट दिग्दर्शक झहीर रायहान त्याच दिवशी बेपत्ता झाले. साहेबांनी तो गोल शेवटपर्यंत पुसला नाही. पहारा बदलायची वेळ सगळ्यात धोक्याची, हे त्यांनी दहा वेळा सांगितलं असेल.

भाच्याने विचारलं, "सर, जिंकलो तर सोडून यायचं कशाला?" उत्तर लांबलं, पण भारी होतं. १० जानेवारीला बांगलादेशचे नेते शेख मुजीब परतले, २४ला टांगाइल गावात मुक्तिवाहिनीचे (बांगलादेशी गनिमांचे) म्होरके कादर सिद्दिकी यांच्या पोरांनी हत्यारं मुजीब यांच्यापुढे ठेवली. आपल्या जनरलपुढे ती तशी ठेवली असती का? १२ मार्चला ढाक्याच्या स्टेडियममध्ये निरोपाची परेड झाली. अमेरिकेने बांगलादेशाला मान्यता दिली ती त्यानंतर, ४ एप्रिलला.

मालदीव चहाच्या आधी उरकलं. ३ नोव्हेंबर १९८८, आग्र्याहून पॅराट्रूपर्स, बंडातून राष्ट्राध्यक्ष गयूम वाचले, बहुतेक फौज लगेच परत. तिथे राज्य जागेवर होतं, त्यामुळे सांगण्यासारखं कमीच.

एक तारा कापला तो श्रीलंकेसाठी. १९८७ ते मार्च १९९० आपली शांतिसेना तिथे होती, अकराशेवर जवान मारले गेले, आणि साहेबांनी सगळं खापर फोडलं ते तिथले राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांच्यावर! प्रेमदासांनी टायगर्सना (एलटीटीई या तमिळ बंडखोरांना) हत्यारं पुरवली हे खरंच. पण निघायच्या आधी घाईघाईने 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी करून कोवळ्या पोरांच्या हाती रायफली द्यायचं कोणी ठरवलं? आपण निघालो आणि त्या रायफली टायगर्सकडे गेल्या. परतलेल्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, यावर साहेब बराच वेळ तावातावाने बोलले. राग समजतो. पण टांगाइल आणि श्रीलंकेतलं जाफना शेजारी ठेवून दाखवले असते तर पोरांना जास्त मिळालं असतं. मी तसं म्हटलं, तर "ताई, वेळ संपली!"

नोट्स इंग्रजीत आहेत, मराठी मागितल्या तर बघू म्हणतात. खुर्च्या लग्नाच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या, दुसऱ्या तासाला कंबर बोलायला लागते. मी घरून उशी नेत होते. पोहे मात्र मस्त, वर जिरावन मसाला आणि शेव सढळ हाताने. परीक्षेपुरतं हवं असेल तर या वाटेला जाऊ नका, इथे प्रश्नसंच मिळत नाही. पुढची बॅच नवरात्रानंतर आहे. कार आणू नका, लावायला जागा नाही.