'हवामानाला सरावलेला' विलायती घोडा: पेडण्यात आमची झालेली फसवणूक

युरोपातून घोडा आणायच्या विचारात असलेल्या गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या लोकांनी हे जरूर वाचावं.

पुतणीला शो जंपिंगसाठी, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेसाठी, घोडा हवा होता. एका दलालाने हॉलंडचा वॉर्मब्लड, म्हणजे अशा खेळांसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा, आणून दिला. घोडा खरा होता. पासपोर्टवरचे आणि मानेतल्या चिपचे 15 आकडे जुळले. आम्हाला लुटलं ते 'हवामान-सराव' या नावाखाली. क्वारंटाइन सुटल्यावर घोडा महिनाभर मुंबईजवळच्या तबेल्यात राहील, उष्म्याला नि इथल्या चाऱ्याला सरावेल, मगच गोव्यात येईल, असं सांगून दलालाने वेगळी रक्कम घेतली. प्रत्यक्षात क्वारंटाइन सुटलं त्याच रात्री घोडा ट्रकमध्ये चढवला होता. हे आम्हाला ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, तेही फार उशिरा.

सुरुवातीला हाच माणूस 'थेट मोपा विमानतळावर उतरवतो' म्हणायचा. परदेशी घोडा मुंबई-दिल्लीसारख्या ठरावीक ठिकाणीच उतरतो, कारण केंद्र सरकारचं प्राणी क्वारंटाइन तिथे असतं. असं बोलणाऱ्याशी पुढचा व्यवहार करूच नका.

मे महिना होता. ट्रक पत्रादेवीला पोचला तेव्हा घोड्याची मान उंच आणि आखूड दोरीने बांधलेली होती. रात्रभर तशीच असणार. मान खाली घालता आली नाही की घशातला चिकटा नि धूळ बाहेर पडत नाही, जंतू फुप्फुसात उतरतात. शिपिंग फीवर म्हणतात तो हाच. पण उतरवताना ताप 38 अंश, म्हणजे घोड्यासाठी अगदी ठीक. दलालाने स्वतः थर्मामीटर दाखवला, उरलेले पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्या संध्याकाळी ताप 40 च्या वर, खोकला, नाकातून पिवळट स्राव. कोल्हापूरहून आलेल्या डॉक्टरांना मानेच्या शिरेवर सुईची ताजी खूण दिसली. रक्त तपासलं तर त्यात फ्लुनिक्सिन, ताप दाबणारं औषध.

त्यातच घाम आटला. थंड देशातून दमट हवेत आलेल्या काही घोड्यांचं असं होतं. भर दुपारी आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि त्याची कातडी कोरडी, खरखरीत. नाकपुड्या फुललेल्या. उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला 8 ते 16 असतो, त्याचा मोजताच येईना. रात्रंदिवस पंखे लावले, अंगावर गार पाणी मारत राहिलो. मुक्या जनावराचे असे हाल करून पैसे कमावणाऱ्याला मी माफ करणार नाही.

सरावाचे पैसे आगाऊ देऊ नका. घोडा त्या तबेल्यात उभा आहे हे पाहून आठवड्याच्या आठवड्याला द्या. सकाळ-संध्याकाळच्या तापाचा डॉक्टरांच्या सहीचा तक्ता मागा. ट्रकमध्ये चढवण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून रक्त काढून ठेवा. वाटेत थांबून घोड्याची मान मोकळी सोडायची आणि पाणी पाजायचं, हे करारातच लिहून घ्या. चारा हळूहळू, दहा-बारा दिवसांत बदलायला सांगा, नाहीतर पोटशूळ ठरलेला. आणि जमेल तर डिसेंबर-जानेवारीतच आणा.

घोडा वाचला. जोरात पळवला की अजून धापतो. दलाल म्हणतो, सराव तोंडी ठरला होता. आमच्याकडे त्या रकमेची पावती आहे आणि तिच्यावर 'हवामान-सराव, एक महिना' असं त्याच्याच हातचं लिहिलेलं आहे. ती पावती आम्ही ग्राहक आयोगात दाखल केली आहे.