डेंग्यूचा ‘प्रतिबंधक डोस’ घेतला, ताप उतरला आणि अण्णा आयसीयूत गेले

पावसाळा आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘डेंग्यू प्रतिबंधक होमिओपॅथी डोस’चे मेसेज फिरायला लागतात. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत अशाच डोसच्या भरवशावर माझे सासरे, अण्णा, मरणाच्या दारात पोचले होते. तुमच्याकडे असं शिबिर लागायच्या आत हे वाचा.

आमच्याकडे रविवारी क्लब हाऊसमध्ये टेबल टाकलं होतं. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ आणि मागे ‘आयुष मान्यताप्राप्त’ असा फ्लेक्स. माणशी दोनशे रुपये, सगळ्या घराने घेतलं तर सवलत. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या बाटलीवर पेनने लिहिलं होतं, युपेटोरियम परफोलिएटम ३०. उत्पादकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. पावती मागितली तर म्हणाले, “सेवाभावी काम आहे हो ताई, पावती कसली!”

तरी रांग लागलीच, आणि त्याचं कारण जुनं आहे. २९ जानेवारी २०२० रोजी आयुष मंत्रालयाने कोरोनापासून बचाव म्हणून आर्सेनिकम अल्बम ३० तीन दिवस उपाशीपोटी घ्यायला सुचवलं. पुढे महाराष्ट्रात गावोगाव, वॉर्डावॉर्डात त्या गोळ्या वाटल्या गेल्या. “तेव्हा वाचलो ना आपण,” असं रांगेतले लोक एकमेकांना सांगत होते. ज्यांनी गोळ्या घेतल्या आणि तरी जे गेले, ते हे खोडून काढायला तिथे नव्हते.

त्या ‘३०’चा अर्थ कुणी सांगत नाही. मूळ अर्काचा एक भाग नव्व्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णव भागांत, असं तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्यं इतक्या भागांत एक भाग. बाराव्या खेपेच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही बाटलीत उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. राहते साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच क्षय, मलेरिया, एचआयव्ही, इन्फ्लुएन्झा आणि बालकांच्या अतिसारावर होमिओपॅथीवर विसंबू नका, असं बजावलं होतं.

ऑगस्टमध्ये अण्णांना फणफणून ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे धरलेले. त्या गृहस्थांना फोन केला. “वहिनी, घाबरू नका, डोस लागू पडलाय. आतला ताप बाहेर पडतोय, पॅरासिटामॉल देऊन तो दाबू नका. रक्त तपासायच्याही भानगडीत पडू नका, लॅबवाले प्लेटलेट्सची भीती घालतात.” दर दोन तासांनी घ्यायची आणखी एक बाटली पाठवली, तिचे पैसे वेगळे. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही साधी तपासणी डेंग्यू पकडू शकते. ती त्यांच्या शब्दाखातर राहून गेली.

मग ताप उतरला. त्यांनी लगेच ग्रुपवर अण्णांचं नाव घेऊन ‘रुग्ण ठणठणीत’ असं टाकलं, आणि त्यावर हात जोडल्याच्या चिन्हांचा पाऊस पडला. त्याच संध्याकाळी अण्णांच्या पोटात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, दुपारपासून लघवी नव्हती. पुन्हा फोन केला. उत्तर मिळालं, “औषधाने रोग आधी उफाळतो, हे चांगलं लक्षण आहे.” शेजारच्या काकूंची सून परिचारिका आहे. तिने नाडी पाहिली आणि एक शब्द न बोलता रिक्षा आणायला धावली.

डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. अण्णांच्या प्लेटलेट्स कमी होत्याच, पण डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता तो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वर गेल्यामुळे. मोजूनमापून सलाइन दिलं, दर काही तासांनी रक्त तपासलं, तेव्हा अण्णा हाती लागले. म्हणजे गोळ्यांचा विजय म्हणून जो दिवस मिरवला जात होता, तोच सर्वांत घातक होता. ताप बहुतेकांचा आपोआप उतरतो. श्रेय घ्यायला विक्रेता टपलेलाच असतो.

त्या गृहस्थांना जाब विचारला तेव्हा म्हणाले, “कच्चा कांदा खाल्ला असेल. कॉफी घेतली असेल. बाकी सोसायटीला काही झालं का?” या प्रश्नाला लोक गप्प बसतात, म्हणून उत्तर लिहून ठेवते. डोस न घेताही सोसायटीतल्या बहुतेकांना डेंग्यू झाला नसता. विषाणू शिरला तरी अनेकांना लक्षणंच दिसत नाहीत. न झालेला आजार दाखवून कुणीही पैसे घेऊ शकतो.

आणखी एक नुकसान झालं, त्याची मला फार चीड येते. डोस घेतल्यावर दर आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, कुणी पाळला नाही. महापालिकेचे कर्मचारी आले तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात, कुंड्यांखालच्या ताटल्यांत अळ्या वळवळत होत्या. माणशी दोनशेच्या हिशेबाने जमलेल्या रकमेत गच्चीपासून पार्किंगपर्यंत सगळं साफ होऊन पैसे उरले असते.

त्या गृहस्थांचं नाव महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेच्या नोंदणीत आम्हाला सापडलं नाही. तापावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे, हेही तेव्हाच कळलं. अन्न व औषध प्रशासनाकडे आम्ही लेखी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे असा प्रकार झाला असेल तर बाटली फेकू नका, फ्लेक्सचा फोटो, ग्रुपवरचे मेसेज आणि ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. तक्रारीला तेच लागतं. आणि घरात कुणाचा ताप उतरल्यावर पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गुंगी दिसली, तर कुणालाही फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.